हत्तींचा जिना

लाहोर, ६ फेब्रुवारी १९७८

ती. सरवत आपास,
रफाकतचा सलाम वि. वि.

किल्ल्याच्या चित्रभिंतीवरचं माझ्या वाट्याचं काम संपलं. झुंजणाऱ्या हत्तींच्या गळून पडलेल्या फरशांच्या जागी नव्या निळ्या बसवल्या. तो निळा अब्बांच्या भट्टीपाशी मला तूच शिकवलास, कान पिळून. तू बघितल्याशिवाय काम पुरं झालं असं मला वाटायचं नाही.

गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. घरच्या जिन्यावरून पडलीस तेव्हापासून तू गच्चीचं तोंड पाहिलं नाहीस, असं तुझा तौकीर सांगत होता. किल्ल्याचा जिना बादशहाने खास हत्तींसाठी बांधलाय, बेगमा हत्तीवर बसून वर जात. तेव्हा तुला तो अगदी सोयीचा पडेल.

लोभ असू दे, आणि येताना सोहन हलवा.
तुझा रफाकत

मुलतान, १३ फेब्रुवारी

चि. रफाकत यास,
अनेक दुआ वि. वि.

हत्तींचा जिना मला सोयीचा! पन्नाशी आली, तरी जिभेला हाड नाही ते नाहीच. पत्र मी तौकीरला मोठ्याने वाचायला लावलं होतं. तो आणि सून अजून हसताहेत.

मी येणार नाही. भाचीच्या लग्नात चौघांनी मला खुर्चीसकट उचलून माडीवर नेलं, तेवढी शोभा पुरे झाली. फोटो पाठव. हलवा शेजारी वाटून टाकला.

भट्टी निवायच्या आत दार उघडलं नाहीस ना?

राग आहे, तरी दुआ आहेतच.
सरवत (हत्तीण नव्हे)

लाहोर, २० फेब्रुवारी

ती. आपास,
कान धरून सलाम वि. वि.

अगं, मी पायऱ्यांबद्दल बोलत होतो, तुझ्याबद्दल नाही! हत्तीला उंच पायरी झेपत नाही, म्हणून त्या बुटक्या आणि ऐसपैस आहेत. एकेकीवर उभं राहून दम खावा, गप्पा माराव्यात. तुझी भावजय नुझहत म्हणते, आपाला आणा, नाहीतर स्वतःची रोटी स्वतः भाजा. माझ्यावर नाही, निदान माझ्या पोटावर दया कर.

तुझाच, उपाशी
रफाकत

मुलतान, २७ मार्च

चि. रफाकत यास,
अनेक दुआ वि. वि.

सुखरूप पोचले. नुझहतला सांग, तिच्या हातची निहारी अजून जिभेवर आहे.

पण अरे गाढवा, तुझी भिंत किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला! टांग्यातून उतरले तर समोरच हत्ती झुंजताहेत. जिन्याचा संबंधच नव्हता, आणि आपण त्यावरून भांडत बसलो! परांचीवर बसून बसून, भिंत खालूनही दिसते हेच तू विसरलास.

निळा अब्बांचाच उतरलाय. नव्या फरशा कुठल्या, ते मलासुद्धा ओळखता आलं नाही. फार अभिमान वाटला रे.

मग वर का गेलीस, असं विचारत होतास. पायरी किती बुटकी ते बघावं म्हणून एक पाय ठेवला, आणि गुडघा काही बोललाच नाही. मग दुसरी चढले. वर पोचून वळून पाहिलं, तर तूच मध्ये बसून धापा टाकत होतास.

घरी आल्याबरोबर गवंडी बोलावला. आमचा उभा जिना पाडून तसाच बुटका, ऐसपैस बांधायला सांगितलाय. अर्धं अंगण जाणार म्हणून तौकीर कुरकुरतोय. शेजारीण विचारत होती, हत्ती पाळणार की काय. म्हटलं, पाळायचा कशाला, घरातच आहे.

उन्हाळ्यात दोघंही या. खाटा गच्चीवर टाकते.

तुझी,
हत्तीण