टेबल बाहेर काढलं ते सोमाने

सोम. १२ जाने.
फरशीवरून टेबल खरवडत ओढल्याचा आवाज. पहाटे अर्धवट झोपेत पुन्हा ऐकला. बाजाराच्या दिवशी माझ्या हाताखालचा कोतवाल सोमा सकाळीच तलाठी कार्यालयातलं माझं टेबल ओढत चिंचेखाली न्यायचा. हरसूलच्या वर, डोंगरपाड्याला. चाळीस वर्षं होत आली. उठून बघतो तर नाशिक रोडचा फ्लॅट, खाली दूधवाल्याची गाडी.

दुपारी प्रशिक्षणाच्या मॅडमचा फोन. २३ ला नव्या भरतीपुढे बोलायचं. विषय : सेवेतली मूल्यं. तलाठी म्हणायचं नाही म्हणे आता, ग्राम महसूल अधिकारी. बाजारातल्या टेबलाची गोष्ट मात्र हवीच. हो म्हणालो.

बुध. १४ जाने.
संक्रांत. भाषण लिहायला बसलो. गुरुजी वर्गात चालीवर कविता म्हणून घ्यायचे, तशी वाक्यं आपोआप लयीत यायला लागली. डोंगर, धुकं, चिंचेची सावली... मालतीने वाचलं. शाळेत कवितेला बक्षीस मिळालं त्याला साठ वर्षं झाली, आता पुरे, म्हणाली. मग तिळाचा लाडू हातावर ठेवत, "यात सोमा कुठंय हो?"

नाहीये.

कल्पना त्याची. मी तेव्हा नवा, कडक इस्त्रीचा. म्हणाला होता, "भाऊसाहेब, लोकं डोंगर उतरून येत्यात न् उंबऱ्याशीच थांबत्यात. पायाला चिखल, फरशी खराब व्हईल म्हनत्यात. आपनच जाऊ की भाईर."

सेवेबद्दल याहून जास्त काही मी पुढच्या तीस वर्षांत शिकलो नाही.

शुक्र. १६ जाने.
आज लिहूनच टाकतो. बाजारात नोंदवही उघडी, मी कुणाशी तरी बोलण्यात गुंग, बकरीने जमिनीच्या फेरफाराचं अर्धं पान खाल्लं. लोक हसले. मीही हसलो. पण दप्तर कार्यालयाबाहेर न्यायला बंदी. तहसीलदारांनी खुलासा मागितला. मी लिहिलं : कोतवालाने माझ्या गैरहजेरीत, परवानगीशिवाय. अक्षर फार सुरेख आलं होतं.

सोमाला सहीपुरतं यायचं. वाचून दाखवू का, विचारलं होतं. "भाऊसाहेबांनी लिवलंय, मंग काय वाचायचं." सही केली. महिन्याभरात घरी बसला.

पुढे दुसरे साहेब आले. त्यांना ते टेबल आवडलं. सत्कार माझा झाला.

शनि. १७ जाने.
सोमाला पत्र टाकलं. सगळं लिहिलं, काही वगळलं नाही. शेवटी विचारलं, हे त्या मुलांपुढे सांगू का? मालती म्हणाली, "त्याला कशाला विचारताय? परवानगी हवीय की सुटका?" त्याचा एक शब्द यावा एवढंच वाटतं. रागाचा असला तरी चालेल. तो "भाऊसाहेब" म्हणायचा तसं नंतर कुणी म्हटलंच नाही. साहेब म्हणणारे खूप.

मंगळ. २० जाने.
पोस्टमन वर न बघता गेला. भाषणं दोन झालीत. एक टाळ्यांचं. दुसरं दीड पानाचं, ते मोठ्याने वाचता येत नाही अजून.

गुरु. २२ जाने.
चारला बेल. दारात म्हातारी, हातात नागलीची पिशवी, घरची नाचणी. ओळख पटेना. "सोमाची घरवाली मी," म्हणाली, तेव्हा मी दार अडवूनच उभा. मालतीने बसवलं. एकटी, एसटी बदलत आलीय. सोमाला आता दिसत नाही.

पोलक्यातून माझं पत्र काढलं. पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. मुलगा वाचणार होता, सोमाने नको म्हटलं. भाऊसाहेबांचा कागद आहे, त्यांच्याच तोंडून ऐकून ये, म्हणाला. "तवा तुमी ह्यांच्यासाठी लय खटपट केली. अजून तुमचं नाव काढत्यात."

मालतीने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला गेली.

पाकीट म्हातारीच्या मांडीवर आहे. चष्मा आणतो सांगून आत आलोय आणि हे लिहीत बसलोय. चष्मा तर डोळ्यांवरच आहे.