सासूबाईंच्या पायाशी

मी, युफेमिया लोगी उर्फ केर्ड, वय सहासष्ट, कै. हेक्टर केर्ड यांची पत्नी, राहणार जाळीवाल्यांची गल्ली, पोर्टलुगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर सांगतात. डोके जागेवर आहे असा दाखलाही त्यांनीच दिला आहे, तो सोबत जोडला आहे. हे लिहिताना कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. १९६० साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते का रद्द केले हे खाली येईलच.

कलम एक. राहते घर माझ्या बहिणीची मुलगी रोना मिलर हिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. रोना, समुद्राकडची खिडकी आधी आत ओढून मग वर कर, नाहीतर काच जाईल. शेजारच्या मिसेस टॉश कुंपण त्यांचे आहे असे सांगतील. ते आपले आहे. पण त्यांच्याशी भांडू नकोस, त्या एकट्या आहेत.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून कलम सहामधला खर्च भागवावा. उरेल ते रोनाचे.

कलम तीन. हेक्टर हेरिंग माशांसाठी लाकडी पिंपे बांधत असे. त्याचे रंधे, कड्या ठोकायचे हातोडे आणि कामाचा ठोकळा माझे दीर मॅग्नस केर्ड यांना द्यावेत. हे मी १९५९ सालीच, हेक्टर गेला तेव्हा करायला हवे होते. तेव्हा आमचे बोलणे नव्हते.

कलम चार. माझ्या कार्डांच्या अकरा पेट्या जिल्हा ग्रंथालयाला द्याव्यात.

तीस वर्षांत मी या पॅरिशमधली, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतली, चार हजारांवर माणसे कार्डांवर उतरवली. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या एडिनबरोला गेल्या आहेत. त्यासाठी मी वर्षातून दोनदा आगगाडीने जात असे. पण चर्चच्या पंचांच्या इतिवृत्ताच्या वह्या इथेच, पाळकांच्या घरी कपाटात होत्या. कॅनडाहून, न्यूझीलंडहून पत्रे येत: आमचे पणजोबा तुमच्या गावचे, कोणत्या घरातले ते कळेल का? मी शोधून देई. न्यूझीलंडमधल्या ओटागोहून आलेल्या एक बाई आपल्या खापरपणजीच्या कबरीच्या दगडाला गाल लावून तासभर बसून होत्या. परत निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्हांला मुलंबाळं?" मी नाही म्हटले.

पेट्या देताना माझी एकच अट आहे. कोणाचेही कार्ड अर्धे वाचून दाखवू नये. अट घालण्याचे कारण लिहिते. ते माझ्यामागे कोणाला तरी ठाऊक असावे.

लग्न होऊन मी केर्डांच्या घरी आले ती १९३२ साली. माझ्या सासूबाई, बार्बरा केर्ड, माहेरच्या रेनी. मी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडले नाही. पाव करपला की म्हणत, "लोगींकडच्या बायका. चर्चमधल्या पश्चात्तापाच्या बाकावर बसलेल्या. तिथे पाव कोण शिकवणार?" पाहुण्यांसमोरही म्हणत. हेक्टर मान खाली घालून सूप पीत असे.

पाच वर्षे ऐकून घेतले. मग १९३७ च्या जानेवारीत पाळकांकडून त्या वह्या मागितल्या आणि चार महिने वाचल्या. पूर्वज शोधायला मी लागले ती अशी, चांगल्या हेतूने नव्हे. लोगी घराण्यातली एकही बाई त्या बाकावर सापडली नाही. सापडली ती मार्जरी रेनी, १७९४ सालची, पुढे भावकीतल्याच एका रेनीशी लग्न होऊन सासूबाईंची पणजी झालेली. नवऱ्यावाचून मूल झाले, बापाचे नाव सांगेना, म्हणून तीन रविवार त्या बाकावर सगळ्या गावासमोर उभी केलेली.

मी ते चांगल्या कागदावर उतरवले आणि एका रविवारी, चर्चनंतर, सासूबाईंच्या चहाच्या बशीशेजारी ठेवले. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचले. कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं."

पुन्हा त्या मला कधी काही बोलल्या नाहीत. फेब्रुवारी १९३८ मध्ये न्यूमोनियाने गेल्या. तो कागद मॅग्नसला त्यांच्या उशीखाली सापडला, आणि त्याने माझ्याशी बोलणे सोडले. मी अंत्यदर्शनालाही गेले नाही.

आता जे कोणालाच सांगितलेले नाही ते लिहिते. वहीत त्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती: मूल चौथ्या आठवड्यात वारले, तिसऱ्या रविवारची उभी राहण्याची शिक्षा माफ व्हावी अशी त्या स्त्रीने विनंती केली, पंचांनी अमान्य केली. कागदावर जागा होती. मी ती ओळ उतरवली नाही. ती वाचून सासूबाईंना मार्जरीची लाज वाटली नसती, दया आली असती, आणि मला दया नको होती. पेटी क्रमांक सातमध्ये मार्जरी रेनीचे कार्ड आता पूर्ण लिहिलेले आहे.

कलम पाच. इथे द्यायचे काही नाही, पण कलम सहा कळण्यासाठी हे लिहायला हवे.

ऑक्टोबर १९३८ मध्ये मला मुलगा झाला. मृत जन्मला. मी त्याला पाहिले; हेक्टरसारखे रुंद कपाळ होते. तेव्हा अशा मुलांची सरकारी नोंद होत नसे, ती पुढच्या वर्षापासून होऊ लागली. जिवंत नव्हता म्हणून बाप्तिस्मा नाही. कुठल्याच वहीत त्याची ओळ नाही. हेक्टरने पिंपाच्या लाकडाची पेटी केली आणि पहाटे उजाडायच्या आधीच घेऊन गेला. तेव्हा बायका कबरीपर्यंत जात नसत.

तो परत आल्यावर मी विचारले, "कुठे ठेवलंस?"

"चांगल्या जागी."

"कुठल्या?"

"एफी, नको ना विचारूस."

नंतरही विचारले. एकवीस वर्षे त्याचे उत्तर तेच, आणि तो ते घेऊनच गेला. बुडून वाहत आलेल्या अनोळखी माणसांना उत्तरेच्या भिंतीशी पुरतात. तिथेच ठेवले असेल असे मी धरून चालले. तीस वर्षे त्या भिंतीशी फुले ठेवली. केर्डांची कबर तिथून चाळीस पावलांवर आहे. तिकडे मी मान वळवत नसे.

१९६८ साली म्हातारा कबर खोदणारा वारला. त्याची मुलगी बापाची वही कार्डांसाठी म्हणून मला देऊन गेली. त्यात पेन्सिलीने लिहिलेले होते: "१४ ऑक्टोबर १९३८. हेक्टर केर्डचा मुलगा. आजीच्या पायाशी."

त्याच दिवशी मी मॅग्नसच्या दारात उभी राहिले. तीस वर्षांनी. मला पाहून त्याने दार लावले नाही, पण आतही बोलावले नाही.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"कंदील मीच धरला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"हेक्टरनं शपथ घातली होती. म्हणाला, एफीला कळलं तर ती पोराला तिथून काढायला लावेल." मग म्हणाला, "लावलं असतंस का?"

मी खरे तेच सांगितले. "हो. तेव्हा लावलं असतं."

"आईनं पोराला सांभाळलं असतं, एफी. तुझ्याशी कशीही वागली असेल. पोराला सांभाळलं असतं."

मी त्याला म्हटले, मला त्या कबरीत जागा हवी आहे. कबरीचा मालकी दाखला त्याच्याकडे होता. तो म्हणाला, "पोर राहू दे तिथे. तू नाही." आणि दार लावले.

मी त्याला पंचांच्या वहीतली, मार्जरीबद्दलची राहिलेली ओळ पत्राने लिहून पाठवली, आणि ती आधी का लिहिली नव्हती तेही. सात आठवडे गेले. मग एका शनिवारी तो आला, टोपी न काढता टेबलावर दाखला ठेवला आणि म्हणाला, "दर वर्षी ऑक्टोबरात मी जातो तिथे. आता माझे गुडघे चालत नाहीत. तू जा."

मी त्याला चहा दिला. 

कलम सहा. फाटकाजवळ मी माझ्यासाठी घेतलेली जागा, जिथे मला पुरावे असे १९६० च्या मृत्युपत्रात लिहिले होते, ती विकावी. मला केर्डांच्या कबरीत, सासूबाईंच्या पायाशी पुरावे. हेक्टर त्याच कबरीत आहे. १९५९ साली त्याला दुसरीकडे पुरावे असा निरोप मी पाळकांकडून धाडला होता. मॅग्नसने माझे ऐकले नाही, त्याचे आभार. दगडावर माझ्या नावाच्या आधी मुलाचे नाव कोरावे. आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव देतात, म्हणून आर्चिबाल्ड केर्ड. मला माझ्या वडिलांचे नाव आवडले असते. पण रीत आहे ती असू द्यावी. पुढे कोणी शोधत आले तर त्याला माग लागेल. जन्माची तारीख एकच लिहावी, १३ ऑक्टोबर १९३८. मृत जन्मला असे लिहू नये.

कलम सात. शवपेटी कबरीत उतरवायला आठ दोऱ्या असतात, एकेक जवळच्या माणसाने धरायची. पायाकडची दोरी मॅग्नसला द्यावी, त्याला बसायला खुर्ची न्यावी. रोनानेही एक दोरी धरावी. बायकांनी धरू नये असे आता कोणी म्हणत नाही, म्हटले तर माझी सही दाखवावी. बाकीच्या पाच कोणी धराव्यात ते रोनाने ठरवावे. पहिली दोरी, डोक्याकडची, रीतीप्रमाणे थोरल्या मुलाची असते. ती कोणाच्याही हाती देऊ नये. अंत्यविधीचे काम पाहणारे श्री. गॅल्ट यांना मी विचारले आहे. सात जण पुरतात, असे ते म्हणाले. ती दोरी गुंडाळून पेटीवरच ठेवावी, आणि दोरी धरणाऱ्या प्रत्येकाला तिचा क्रमांक आणि त्याचे नाव लिहिलेले कार्ड देतात तसे तिचेही कार्ड लिहावे: क्रमांक एक, आर्चिबाल्ड केर्ड.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे.

युफेमिया लोगी उर्फ केर्ड (सही)

आमच्यासमोर सही झाली:
१. नेटा कॉर्बेट, परिचारिका, पोर्टलुगन (सही)
२. विल्यम स्ट्रॉन, पाववाले, पोर्टलुगन (सही)

पोर्टलुगन, ५ मे १९७१