लच्छूबाईचं पाणी

मारेगाव, गुरुवार, दिवेलागण

आज डोंगरावर लच्छूबाईच्या शेतात गेलो होतो. तिचा इंजिन-पाइपाचा सरकारी अर्ज नामंजूर झाला, हे सांगायला. कारण, पाण्याचा स्रोत नाही. तो रकाना मीच भरलेला, तिला विचारून.

मी तोंड उघडायच्या आत तिनं लोटाभर पाणी हातात दिलं. थंडगार. कुठलं म्हणून विचारलं, तर बांधालगतचा झरा दाखवला. डोकंच फिरलं माझं.

“मग अर्ज भरताना पाणी नाही काहून म्हणाल्या? नामंजूर झाला ना तो.”

“तुमी इचारलं, तुमचं सोताचं पाणी हाय काय? हे माह्यं कुठं हाय? साऱ्या वस्तीचं हाय.”

असं विचारलंच कशाला मी? झऱ्यापासून वीस पावलांवर तिची कपाशी पाण्यावाचून लाल पडतेय. म्हटलं, नवा अर्ज भरू, ‘स्वतःचा झरा’ लिहितो, कोण बघतंय.

“पाणी भराले येनाऱ्या बाया पाहतीन ना,” ती म्हणाली.

लोटा संपवला.

फॉर्मवर सामाईक पाण्याला रकानाच नाही. उद्या नव्या अर्जाच्या समासात ‘वस्तीचा झरा’ लिहितो. ऑफिसातले साहेब विचारतीलच, हे पाणी नक्की कुणाचं? सांगेन, मीही प्यायलोय त्यातलं.