नेटवर कायमचे बंद, प्रत्यक्षात चालू

मी खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जळालेल्या विजेच्या मोटारींना पुन्हा तार गुंडाळणे, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या अकलेने हे लिहून ठेवतो. अक्कल शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. जिवंत असल्याचाही मागितला होता, तेव्हा डॉक्टर हसले. त्यांनी नेट पाहिले नसावे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या पत्नीची. तिच्या हयातीत घर कोणी विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, त्याचे फोटो काढून कुठे चढवायचेही नाहीत. तिच्यानंतर मुलगा व मुलगी, निम्मे निम्मे.

कलम २. दुकान माझ्या स्वकष्टाचे आहे. ते कोणाला, हे सांगण्याआधी झाले ते लिहितो, म्हणजे उद्या कोर्टात कोणी भोळा चेहरा करू नये.

तीन वर्षांपूर्वी फोनमधल्या नकाशावर माझ्या दुकानापुढे 'कायमचे बंद' असे उमटले. शटर वर, दिवा चालू, मी बाकावर. लोक दारापर्यंत यायचे, फोन बघायचे आणि परत फिरायचे. एक शिकल्यासवरलेल्या बाई मिक्सर पोटाशी धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“काका, हे दुकान बंद झालंय ना?”

“मग मी कोण बसलोय इथे?”

“नाही, पण यात तसं दाखवतंय,” म्हणाल्या आणि गेल्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे पूर्वी म्हणत. आता हातात कांकण आहे की नाही, हेही लोक आरशाला विचारतात. मला त्यांची कीव येत नाही, निव्वळ तिटकारा येतो.

मुलाचा धंदा इंटरनेटवरचा, घरपोच मेकॅनिक पाठवण्याचा. स्वतःला पाना धरता येत नाही, दुसऱ्याच्या हातातले कसब विकतो. आयत्या बिळावर नागोबा. नकाशावरची चूक दुरुस्त कर म्हणून त्यालाच सांगितले. “बाबा, नकाशावाल्या कंपनीला कळवलंय, बघतील,” हे उत्तर मी दोन वर्षे ऐकले.

मग त्याच्या सोसायटीचा पाण्याचा पंप जळाला. त्याच्याच मेकॅनिकने तो अंदाजाने गुंडाळला, तिसऱ्या दिवशी पुन्हा जळाला. आमच्या कामात तारेचे वेढे मोजून घालतात. मोजणी चुकली तर सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी सोसायटीचा वॉचमन पंप घेऊन माझ्याकडे आला आणि सहज बोलून गेला, “ते मेकॅनिक पाठवणारे साहेब म्हणाले, नेटवर बंद दिसेल, ते मीच टाकलंय. तू बिनधास्त जा, म्हातारे आत असतात.”

पंप मी नीट गुंडाळून दिला. अजून चालतो. मग मुलाला बोलावले.

“बाबा, तुम्ही आता घरी आराम करावा म्हणून केलं.”

“आणि नकाशावर बंद दुकानाखाली तुझ्या कंपनीचा नंबर कसा?”

यावर तो फोनमध्ये बघू लागला.

कलम ३. सबब दुकान, गुंडाळायचे यंत्र आणि कोणत्या मोटारीला किती वेढे याची माझी वही मुलीला. ती वेढे मोजत असताना मी हाक मारली तरी ओ देत नाही. वहीचे फोटो तिने भावाला देऊ नयेत. 'ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचलं पाहिजे' असे तो म्हणेल. सगळे म्हणजे तो.

कलम ४. मुलाने मला दिलेला फोन त्याला परत. त्यात रोज कोणी ना कोणी 'पाच तारे द्या' म्हणून पदर पसरतो. मी जन्मात कोणाकडे शाबासकी मागितली नाही. मोटार फिरली की गिऱ्हाईक बोलायचे थांबून ऐकायचे, मला तेवढे पुरत होते.

कलम ५. मी गेल्याचे नेटवर टाकायचा अधिकार फक्त मुलीचा, तोही नाडी पाहून. मुलाने घाई करू नये.

कलम ६. मात्र मुलाला अंत्यदर्शनाला कोणी अडवू नये. राग आहे, आणि तो माझ्याबरोबर जाईल. पण ते बटण दाबताना तुला काहीच वाटले नाही का, एवढे त्याला विचारायचे होते आणि मला धीर झाला नाही. 'नाही' म्हणाला असता तर? त्याने यावे, फोन बाहेर चपलांजवळ ठेवावा, आणि एकदा माझ्याकडे बघावे.

स्थळ: माझे दुकान
दिनांक: ७ मार्च, कामाचा दिवस
सही

साक्षीदार: १. शेजारचे किल्लीवाले २. दाखला देणारे डॉक्टर

वरील गृहस्थांनी आम्हा दोघांसमोर सही केली. सही करताना ते जिवंत होते आणि दुकान उघडे होते.