छत्तीस पेले

जहाजावरून,
ता. ११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिले चार दिवस तुझ्या या धाकट्या बहिणीने घराण्याचं नाव बुडवलं. जेवणाची घंटा झाली की सगळे वर, आणि मी खाली बादली कवटाळून. आमच्यातली भूगोलाची बाई म्हणाली, की आपण समुद्राकडून शिकायला आलोय, त्याला इतकं परत द्यायला नको. आता बरी आहे. आम्ही सहा शिक्षक आहोत. शास्त्रज्ञ खोलवरचं पाणी वर काढतात, आम्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या लावतो, आकडे उतरवतो आणि हे सगळं वर्गात कसं शिकवायचं ते लिहून काढतो. वीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढला. तो निळा नाहीच गं. तव्यासारखा काळा आहे.

आता पुढचं बसून वाच. तुझी ठकी जवळ असेल तर तिला बाहेर पाठव.

काल माझ्या सहावीच्या मुलांचे छत्तीस थर्माकोलचे पेले तीन हजार मीटर खाली सोडायचे होते. पाण्याच्या दाबाने ते अंगठ्याएवढे होतात, मुलांना तेच दाखवायचं होतं. जाळीची पिशवी घेऊन मी डेकवर गेले. दोर सोडणारं यंत्र चालवणारा माणूस पाठमोरा होता. तो वळला. ताई, ते दाजी होते.

दाढी वाढलीय, अंगाने सुटलेत. पण दाजीच. पाच वर्षांपूर्वी त्यांना लाटेने ओढून नेलं म्हणून जहाज कंपनीचं पत्र तूच आम्हाला वाचून दाखवलं होतंस. ठकीचा पेला लपवावा म्हणून मी हात घातला, तर तो त्यांनी आधीच उचलला होता. त्यावर तिने लिहिलंय, बाबा, मी आता सहावीत आहे, तुमच्याजवळ पोचला की पेला हलवा, म्हणजे वर मावशीला कळेल. त्यांनी ते वाचलं. पेल्याचा आकार बिघडू नये म्हणून आत कागदाचा बोळा कोंबतात, तो नीट कोंबला आणि पिशवीत ठेवला. मग पन्नास मिनिटं दोर सोडत राहिले. नजर मीटरवर.

चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाले, की आहे ते तसंच राहू दे, त्यांना आता दोन वर्षांचा मुलगा आहे. ठकीबद्दल एक शब्द विचारला नाही.

ताई, तुला काही ठाऊक होतं का? नसेल, तर हे मी तुला कुठल्या तोंडाने कळवतेय?

रागावलीस तरी मला दूर लोटू नकोस.

तुझी,
धाकटी


ता. १९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोट रिकामं ठेवू नकोस, रिकाम्या पोटी जास्त ढवळतं. तुझ्या घरात आम्ही मायलेकी मजेत आहोत. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, मी बदलून घेतला. तुझे डबे घासून एका रांगेत लावलेत. तीन आठवड्यांनी मी हॉस्पिटलात ड्यूटीवर परतेन आणि ठकी पुन्हा तुझ्या ताब्यात. माझ्या ऑपरेशन थिएटरच्या पाळ्यांमुळे पोरीला तू सांभाळतेस, हे मी विसरलेले नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. ठाऊक होतं.

कंपनीचं पत्र आलंच नव्हतं. मी वाचला तो हॉस्पिटलचा बदलीचा कागद होता. तुम्ही सगळे रडत होतात, कुणी हातात घेऊन पाहिला नाही. त्यांनी दुसरं घर केलं होतं. मी म्हटलं, जा, पण मग तुम्ही मेलात, आणि मेलेलं माणूस पत्र लिहीत नाही, भेटायला येत नाही. ते लगेच हो म्हणाले. इतकं लगेच की मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. दोन वर्षांपूर्वी मात्र एक पत्र आलं, मुलीला लांबून पाहू का म्हणून. कागदावर जहाजाचं नाव छापलेलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

तुझी निवड तुझ्या हुशारीवर झाली, त्यात माझा हात नाही. पण शिक्षकांना त्याच जहाजावर नेणार असल्याचं कात्रण तुला कुणी पाठवलं ते आठव. ठकीने पेल्यावर आधी मासा काढला होता. मीच तो पुसायला लावला आणि म्हटलं, बाबांना काहीतरी लिही.

तो पेला त्यांनीच आपल्या हाताने खाली सोडला, हे वाचून बरं वाटलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मात्र तू लिहिलं नाहीस. तेवढं सविस्तर कळव.

तब्येत सांभाळ. माझा जीव तुझ्यावर आहेच.

तुझी,
ताई


ता. १६ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार.

तू गेल्यावर आठवडाभर पत्र लिहायला हात धजला नाही. त्यांच्या चेहऱ्याचं तुला काही लिहिणार नाही.

वर्गाचं लिहिते. सोमवारी पेले टेबलावर मांडले. मुलं वेडी झाली. मी सांगितलं, की थर्माकोलमध्ये हवा असते, दाबाने ती निघून जाते आणि पेला आक्रसतो. ठकी उभी राहिली. म्हणाली, बाई, माणसाच्या आत पण हवा असते ना, मग माणूसही एवढाच होतो का? पोरं हसली. मी सांगितलं, की माणसात बहुतेक पाणीच असतं, तो एवढासा होत नाही. मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं. ती म्हणाली, म्हणजे ते अख्खे आहेत.

जहाजातून तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी वर्गाला दाखवायला आणलंय. दोन तासांचं आहे, नुसता गाळ आणि मधूनच एखादं काकडीसारखं जनावर. ठकी रोज शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून ते थांबवून थांबवून बघते. वहीत मिनिटं आणि सेकंद लिहिते. कुठे बुटासारखं काही दिसलं की मला हाक मारते. ज्या कामासाठी मी इतक्या लांब गेले, त्यातून माझ्या हाताखाली हे शिक्षण चाललंय.

मी तिला खरं सांगणार आहे. तू सांगितलंस तर उत्तम. आठ दिवस वाट पाहते.

माझ्यावरची माया आटली तरी तिच्यावरची आटू देऊ नकोस.

धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

सांगून बघ.

ती अकरा वर्षांची आहे. तिचे बाबा मेलेत म्हणून ती त्यांच्यावर प्रेम करते. जिवंत आहेत म्हटल्यावर पहिला प्रश्न विचारेल, की मग आले का नाहीत. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे? असेल तर फळ्यावर लिहून दे, आकृतीसकट. तुला मूल नाही, म्हणून तुला वाटतं की खरं बोललं की काम झालं.

तू सांगितल्याचं कळलं की त्याच दिवशी येऊन मी तिला घेऊन जाईन. पाळ्यांचं मी बघेन.

खाण्यापिण्याची हेळसांड करू नकोस. राग धरलास तरी चालेल, पत्र धाडत जा.

तुझी,
ताई


ता. ३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे. आई पाळीवर गेली की शेजारच्या काकूंकडे बसते. नवीन शाळेत प्रयोगशाळा नाही.

प्रयोगशाळेत बेसिनपाशी उभं करून तू मला सांगितलंस, तेव्हा मला आधी खूप आनंद झाला होता. तू मात्र रडत होतीस, म्हणून मी दाखवला नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, हो, जिवंत आहेत, मग? मी म्हटलं, मग मी पत्र लिहिते. आईने लगेच जहाजाचा पत्ता दिला आणि पोस्टाचं तिकीटसुद्धा आणून दिलं.

मी बाबांना एकच गोष्ट विचारली, की तुम्ही येता का मी येऊ. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

काल उत्तर आलं. सगळ्या शाळांना पाठवतात तो छापील कागद आहे. वर मोकळ्या जागेत पेनाने लिहिलंय, प्रिय विद्यार्थिनी, समुद्राविषयीच्या तुझ्या कुतूहलाबद्दल आभार. जहाज पाहायला वर्षातून एकदा शाळेची सहल येऊ शकते. त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करावा.

आई म्हणाली अक्षर बाबांचंच आहे. तिने तो कागद दोनदा वाचला आणि मग छान जेवली. मला विचारलं, अर्ज करायचा का. मी नको म्हटलं.

मावशी, बाबा समुद्राच्या तळाशी होते तेव्हा मी त्यांना रोज काहीतरी सांगायचे. आता काय सांगायचं ते सुचत नाही. तुझाही मला राग नाही, पण सुट्टीत मी येणार नाही आणि तूही येऊ नकोस.

माझा शाळा सोडल्याचा दाखला अजून आलेला नाही, तो लवकर पाठव. इथल्या बाई रोज मागतात. दाखल्यावर बाबांच्या नावाआधी कै. लिहिलेलं असेल. ते खोडू नकोस.

कळावे.

ठकी