इस्त्रीचं नाक

२ सप्टेंबर, सोमवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आणि मोठी इस्त्री चोराने नेली असं मला सांगू नकोस. चोर आला असता तर त्याने हलकी इस्त्री उचलली असती. दोन इस्त्र्या शेजारी शेजारी असताना साडेसात किलोची जड इस्त्री खांद्याला लावून बस पकडणारं शहाणं माणूस फक्त आपल्या घरात आहे. त्यात वायर सोडवून, गोल गुंडाळून, वर रबर चढवून खुंटीला अडकवलेली. एवढा टापटिपीचा चोर मी पाहिला नाही. वायर तशी गुंडाळायला तुला मीच शिकवलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय.

तुझ्या बापाला फोन केला. तो म्हणाला, तिने नेली असेल तर अभ्यासासाठीच नेली असेल. माझा भाऊ लहानपणापासून असाच. घर जळत असलं तरी म्हणेल, उजेड छान पडलाय.

दुकानात बँडवाल्यांचे अठरा कोट पडलेत, सतरा तारखेला द्यायचे आहेत. त्या कोटांच्या कॉलरी छोट्या इस्त्रीला दाद देत नाहीत. मोठी इस्त्री म्हणजे माझा उजवा हात. बावीस वर्षं तिच्यावर काम केलं, एकही दिवस तिला तशीच टाकली नाही. काम संपलं की तळ कोमट असतानाच मेण फिरवायचं, फडक्याने पुसायचं, मग दुकान बंद. तेवढी काळजी मी माझ्या गुडघ्यांची घेतली नाही.

शनिवारी तुझे मळके कपडे येतील, त्याच पिशवीत इस्त्री आली पाहिजे. कंडक्टरला सांग की जड आहे, पायावर घेऊ नको. आणि फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. कागदावर रडता येत नाही. काय ते लिहून पाठव.

आशीर्वाद वर सवयीने लिहिला. मनापासूनचा इस्त्री आल्यावर.
तुझी आत्या


६ सप्टेंबर, शुक्रवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पिशवीत इस्त्री नाही, हे तुला एव्हाना उचलूनच कळलं असेल. आधी सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल.

मागच्या वर्षी सांगितलं होतं बघ, आम्ही चौघं मिळून लढणारा रोबो बनवतो. जाड पारदर्शक भिंतींचं रिंगण असतं. आत दोन यंत्रं सोडतात, आम्ही बाहेरून रिमोटने चालवतो. तीन मिनिटं. एकमेकांना ढकलायचं, उलथायचं, तोडायचं. जे दहा सेकंद हललं नाही ते हरलं. मागच्या वर्षी आम्ही प्रत्येक वेळी हरलो. समोरचा आमच्या पोटाखाली शिरायचा आणि आम्हाला पालथं करायचा. पालथी पडलेली चाकं फिरताना बघून लोक हसतात, आत्या. फार वाईट हसतात.

कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांनी आम्हाला एक कोपरा दिला आहे. एक टेबल, एक कपाट, लोखंड आवळून धरायचा एक शेगडा. यंदा अंतिम झुंजीपर्यंत पोचलो नाही तर तो कोपरा मोटारगाडीवाल्या गटाला जाणार. म्हणजे आमचं संपलंच. सुट्टीत मी दुकानात बसले होते, तू सदऱ्याची पट्टी इस्त्री करत होतीस. इस्त्रीचं नाक बटणाखाली अलगद शिरत होतं, आणि मला एकदम दिसलं. कुणाच्याही खाली शिरेल आणि आपल्याखाली कुणाला शिरू देणार नाही असं नाक आपल्या दुकानात पडून आहे.

मूठ आणि आतली कॉइल काढून नीट कापडात बांधून ठेवली आहे. तळ पुढे बसवला आहे. यंदा यंत्र मी चालवणार. आणि त्याचं नाव आम्ही आत्या ठेवलंय. चारही मतं पडली. मी आधी कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांनी तुझी पत्रं ऐकली आहेत एवढंच.

रागावलीस तरी कपडे धुऊन पाठव. लोभ कमी झाला असला तर पुरवून वापरेन.
भिंगरी


९ सप्टेंबर, सोमवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मूठ काढली. कॉइल काढली. आणि वर कापडात बांधून ठेवली म्हणून मी टाळ्या वाजवू. माझी पत्रं तू पोरांना वाचून दाखवतेस हे बरं कळलं. मग हेही वाचून दाखव: तुमच्या चौघांतल्या त्या चष्मेवाल्याच्या सदऱ्याला खांद्यावर घामाचे पिवळे डाग आहेत, त्याच्या आईला सांगा की भिजत घालून मग घासा. त्याचा सदरा तुझ्या पिशवीत कसा आला ते मी विचारत नाही. वर्कशॉपमध्ये कपड्यांची अदलाबदल झाली असेल. झालीच असेल.

आता तुझे कपडे. तू लिहितेस सगळं छान चाललंय. तुझ्या निळ्या सदऱ्याच्या बाहीला ठिणग्यांची सात भोकं आहेत. मोजली. खिशात लोखंडाचा कीस, म्हणजे कानस घेऊन बसतेस आणि हात तिथेच पुसतेस. आणि उशीच्या खोळीवर दोन गोल डाग, डोळ्यांच्या उंचीला. मीठ सुकल्यासारखे हाताला कडक लागतात ते. मला काही सांगू नकोस, माझ्याकडे तुझे कपडे येतात.

म्हणून सांगते. इस्त्रीचं तुला दिसलं ते अर्धंच. नाक नुसतं अणकुचीदार असून चालत नाही. नवशिक्या पोरी इस्त्री टाचेवर दाबतात, मग नाक उचललं जातं आणि कापड पुढे गोळा होतं. भार नाकावर हवा, टाच हलकी. तुमच्या त्या यंत्राचा जड भाग कुठे आहे ते बघ. मागे असेल तर माझा तळ लावूनही उपयोग शून्य. आणि समोरून धडक मारू नकोस. शिवण जिथे असते तिथून शिरायचं, कडेने, तिरकं.

नाव बदला. मी कुणाला पालथं केलेलं नाही. अजून.

बँडवाल्यांचे सात कोट झाले, छोट्या इस्त्रीने, ओलं फडकं टाकून टाकून. खांदा भरून आला आहे. हे तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिलं आहे.
तुझी आत्या


१३ सप्टेंबर, शुक्रवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! दोन झुंजी, दोन्ही जिंकलो! तुझं पत्र आलं तेव्हा आमची बॅटरी मागे होती. चष्मेवाला म्हणाला, लाँड्रीतल्या बाईंना यातलं काय कळणार. मी त्याला सदऱ्यावरच्या डागांचा परिच्छेद वाचून दाखवला. मग त्याने स्वतः बॅटरी पुढे बसवली.

पहिल्या झुंजीत समोर एक ठेंगणं यंत्र होतं. तिरकी गेले, खाली शिरले, भिंतीपर्यंत ढकलत नेलं, मग दहा सेकंद ते हललंच नाही. दुसरं यंत्र भयंकर होतं. त्याला पुढे गरगर फिरणारं पातं. तीन वेळा आपटलं, आवाजाने लोक उठून उभे राहिले. पण पालथी नाही झाले. तिसऱ्या आपटीत त्याचंच पातं तुटून भिंतीत रुतलं. मी रडले, पण ते डाग तुला सापडायचे नाहीत. बाहीला पुसले, वर ग्रीस पडलं.

आता अडचण. तळाची कड वळली आहे आणि नाकावर खाच पडली. इथलं सगळं सामान मोटारगाडीवाल्यांनी अडवून ठेवलंय. म्हणून तळ पिशवीत घातला आहे, चादरीत गुंडाळून. आपल्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या काकांकडून सरळ करून सोमवारी परत पाठवशील? बुधवारी उपांत्य झुंज आहे. ती जिंकली की अंतिम, आणि कोपरा आमचा.

मला माहीत आहे मी काय मागते आहे. इस्त्री तुझ्या हातात आली असताना परत मागते आहे. तरीही मागते.
भिंगरी


१६ सप्टेंबर, सोमवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तळ चादरीतून काढून बघितला. बावीस वर्षांत त्यावर ओरखडा नव्हता.

वेल्डिंगवाल्याने ठोकून सरळ केला, कानस मारली. कुणाचं काम आहे विचारलं. मी म्हटलं, पुतणीची कुस्ती आहे. तो पठ्ठ्या मान हलवून कामाला लागला.

आता खरं सांगते. माझ्याकडे चार कोट उरले होते आणि हातात माझा तळ होता. मूठ नाही तर नाही. गॅसवर तापवला, सांडशीने धरला आणि चारही कोटांच्या कॉलरी बसवल्या. काय बसल्या म्हणून सांगू. बँडवाला म्हणाला, हे चार कोट आधीच्यांपेक्षा बरे झालेत. मी म्हटलं, त्यांचं नशीब. तळ माझ्या हाताखाली होता तेवढा वेळ वाटलं, ठेवून घ्यावा. पिशवी बांधून पुन्हा सोडली, दोनदा.

मग पुसून, साफ करून पाठवते आहे. पुढून धडक नको. आणि तसल्या पात्यावाल्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

कोपरा घेऊनच ये. मनापासूनचा आशीर्वाद, यावेळी इस्त्री न येताच.
तुझी आत्या


१९ सप्टेंबर, गुरुवार

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पिशवी नाही, फक्त हे पत्र कंडक्टरच्या हाती देते आहे. घाई आहे.

काल चाळीस सेकंदांत जिंकलो. समोर रणगाडा म्हणून यंत्र होतं, जड, वरून हातोडा मारणारं. त्याचा हातोडा आपल्या नाकावर बसायचा आणि घसरायचा. त्याची चाकं वर चढायची आणि घसरायची. लोक नाचत होते. मग रणगाड्याच्या पोरांनी तक्रार केली. पंचांनी तळावर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, मेणबत्तीचा वास येतोय.

नियम आहे, आत्या. यंत्राला तेल, ग्रीस, चिकट असं काही फासून झुंजायचं नाही. मेणाचं नाव नियमात नाही, पण तसं काही लावणं म्हणजे फसवणूकच, असं ते म्हणतात. निकाल थांबवला आहे आणि तळ त्यांनी कपाटात ठेवला आहे. मी सगळ्यांसमोर सांगितलं, आम्ही काहीही लावलेलं नाही. चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मला पहिल्यांदा तू दुकान बंद करण्याआधी मेण फिरवताना आठवलीस.

ज्याने तळ साफ केला त्याने लिहून द्यायचं आहे, शनिवारपर्यंत. मी फार विचार केला. तू एवढंच लिही की फडक्याने पुसला. पुसला होतासच ना? ते खोटं नाही. पुढचं लिहू नकोस. मेण लावलं म्हणालीस तर आम्ही बाहेर, कोपरा गेला, आणि सगळे म्हणतील पोरगी फसवून जिंकते. एवढं कर. पुन्हा कधीच काही मागणार नाही.
भिंगरी


२० सप्टेंबर, शुक्रवार

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फडक्याने पुसला हे खरं. मेण लावलं हे त्याहून खरं. मी चौथीपर्यंत शिकले. खरं अर्धं कापून कसं लिहायचं ते पाचवीत शिकवत असतील.

लावताना मला कळलंसुद्धा नाही. तळ कोमट होता, हात आपोआप मेणाकडे गेला. चूक माझ्या हाताची आहे, तुझी नाही, आणि ती मी माझ्याच हाताने लिहिणार. तू लोकांसमोर लावलं नाही म्हणालीस, ते तुझ्या माहितीप्रमाणे खरं होतं. आता माहिती आहे, तर आता वेगळं बोल. सोबतचा कागद पंचांना तूच नेऊन दे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच, मग त्या तुझ्या तिघांना वाचून दाखव. माझी पत्रं वाचायची सवय आहेच त्यांना.

पंचांनी काहीही ठरवलं तरी ऐक. दुकानामागची वाळवणीची खोली पावसाळ्यानंतर रिकामीच असते. टेबल आहे, दिवा आहे, दार बंद होतं. शेगडा तेवढा तुमचा आणा. तिथून तुम्हाला कुणी उठवणार नाही, मी सोडून.

आणि नाव राहू दे. हरलं तरी राहू दे.

लोभ आहे. दिसत नसला तर कपड्यांच्या घड्या बघ.
तुझी आत्या


(सोबतचा कागद)

२० सप्टेंबर

स्पर्धेच्या पंचांस,
स. न. वि. वि.

मी लाँड्री चालवते. तुमच्या कपाटात जो तळ आहे तो माझ्या इस्त्रीचा. त्याला मेण मी लावलं. पोरांना ठाऊक नव्हतं. जिंकावं म्हणून लावलं नाही, काम झाल्यावर मी बावीस वर्षं लावते म्हणून लावलं. सोमवारी त्या तळाने चार कोट केले, त्यानंतर लावलं आणि फडक्याने पुसून काढलं. कोट कुणाचे ते हवं असेल तर बँडवाल्यांना विचारा.

आता मेण किती उरलं ते तुम्ही बोटाने बघितलंत. बोटाने कळत नाही, कापडाने कळतं. सोबत पांढरा रुमाल पाठवते आहे, मी स्वतः धुतलेला. तळ कोमट करा, रुमालावरून तीनदा फिरवा, रणगाड्याच्या पोरांसमोर. मेण असेल तर तेलकट डाग पडेल. तसा डाग पडला तर पोरांना बाहेर काढा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही पडला तर जिंकलेत ते जिंकलेत. आणि तरीही शंका असेल तर तळ साबणाने धुवा आणि झुंज पुन्हा लावा. मुलगी नीट चालवते. तिला मेण लागत नाही.

तुमचा निर्णय लेखी हवा. मंगळवार, २४ तारखेच्या सकाळच्या बसने कंडक्टरच्या हाती द्या. सोबत माझा रुमाल परत पाठवा, डाग असला तरी, नसला तरी, न धुता. तुम्ही पत्रात काहीही लिहा, मी आधी रुमाल बघणार आहे.