रविवारी हलवलेली मान

रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी २००८

प्रिय सलिल,

परवाच समोरासमोर बोललो आणि लगेच हे पत्र, म्हणून तुला नवल वाटेल. सावकाश वाच.

लॅपटॉप कसा चालू झाला ते सांगायचं राहूनच गेलं. गणपतीत तू तो ठेवून मस्कतला गेलास तेव्हा घरात इंटरनेट नव्हतं. ते आलं जानेवारीत. बाहेरच्या खोलीत फोनशेजारी डबी बसली, तिचे दिवे लुकलुकायला लागले, पण लॅपटॉपला तिचा पत्ताच नाही. कोपऱ्यात तांबडी फुली. डबी बंद करून चालू केली, पासवर्ड परत घातला, लॅपटॉप पार डबीला टेकवून बघितला. मग माळनाक्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे रावजी आले. त्यांनी वायर जोडली तर नेट पळायला लागलं. म्हणाले, "वहिनी, आतलं कार्ड गेलंय, मुंबईला पाठवायला लागेल." वायर दारापाशीच संपते आणि आईंची खाट आतल्या खोलीत. खुब्याच्या ऑपरेशनपासून त्यांना उठवत नाही.

फोनचं तुला ठाऊकच आहे. त्यांना काही ऐकू येत नाही. रिसीव्हर कानाला लावून "जेवलास काय?" एवढंच विचारतात आणि माझ्याकडे देतात. फोन ठेवला की, "काय म्हणाला गो?" मी सांगते, मजेत आहे. तुझा आवाज त्यांना कधी मिळतच नाही. निदान तू दिसावास, म्हणून माझा जीव त्या यंत्रात अडकला होता.

शनिवारी शाळेतून आले आणि मुंबईला पाठवायचा म्हणून तो पिशवीत भरायला घेतला. पुढच्या कडेला एक बारीक खटका होता. इतके दिवस मी त्याला झाकणाची कडी समजत होते. नखाने सरकवला, तर निळा दिवा लागला. थोड्या वेळाने फुलीही गेली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

रविवारी आईंना उशीला टेकवून बसवलं आणि तू दिसलास. त्या तुझ्या ओठांकडे बघत होत्या. काचेवरून बोटं फिरवत मला म्हणाल्या, "अगो, ह्याचे केस पिकले." तू हसलास. मला मात्र ते आई बोलल्यावरच दिसलं.

मग तू विचारलंस, कंपनी अजून तीन वर्षं थांब म्हणतेय, महिनाअखेर सही करायची आहे, करू ना? आईंना त्यातलं काही कळलं नाही, त्या आपल्या हसत होत्या. मी लॅपटॉप धरून उभी होते. इतक्या महिन्यांनी तू समोर होतास, आणि तुझा चेहरा पडेल असं काही मला बोलवेना. मी मान हलवली.

यंदा कलमांना मोहोर दाट आलाय. संध्याकाळी वास घरात शिरतो आणि सांगायला म्हणून मी वळते, तर मागे कुणी नसतं. तुझी उशी मी अजून उन्हात टाकते. आई विचारत नाहीत कशाला.

फोनवर तू समजावलंस तर मी परत हो म्हणेन. पडद्यावर तर तू दिसतोस, मग मला बोलताच येत नाही. म्हणून हे कागदावर. रविवारचं ते हो खरं नव्हतं, सलिल. सही करू नकोस. घरी ये.

तुझीच,
मनस्विनी